नाकासमोरचा माळ

१५ ऑगस्ट
आग विझली म्हणतात. विझली कसली, जाळायला काही उरलं नाही म्हणून थांबली.

कोरडी वीज पडली ती खालच्या कुंपणापाशी, ठकगवतात. तिथून जुनिपरच्या झाडांत शिरली. बाबांच्या वेळी जुनिपर फक्त वर कड्यावर असत, खडकांच्या फटींत. मग हळूहळू उतरत आले आणि माळभर होऊन बसले. हॉलिस आमचं लग्न झाल्यापासून कुऱ्हाड लावू म्हणत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी शेवटी पन्नासेक तोडले आणि वाळायला तिथेच टाकले. तेच आधी पेटले. दारूगोळा आम्हीच रचून ठेवला होता.

वारा आमच्याकडे होता. मला धुरातले वास सुटे सुटे येत होते. गवताचा जळक्या कागदासारखा, जुनिपरचा गोडसर. दुपारी एकदम सेजच्या झुडपांचा कडू, तेलकट वास चढला तेव्हा मी हॉलिसला म्हटलं, "माळ गेला." तो म्हणाला, "अगं, धूर तर पलीकडे आहे." तासाभराने त्याला दिसलं. बाबांचं नाक माझ्याकडे आलंय, त्याला मी काय करू.

घर वाचलं, गुरं वाचली. वरचा माळ काळा पडलाय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आयुष्यभर राखाडी सेज बघितली, आता तिकडे बघवत नाही.

२ सप्टेंबर
सभागृहात बैठक. कुरण-कार्यालयाची जोलीन आली होती. पोरगी हुशार आहे, पण बोलते अशी की आम्ही सगळे पहिलीत बसलोय. तरी मुद्दा तिचा खरा. सेज जळली की मुळापासून फुटत नाही, मेली ती मेली. बी पडलं तरच परत येणार, आणि ते बी एक हिवाळा जगतं, जेमतेम. त्या आत सेज रुजली नाही तर ठकगवत सगळी जागा धरतं. ते एप्रिलमध्ये हिरवं, जूनमध्ये वाळलेलं, जुलैत पेटायला तयार. मग दर काही वर्षांनी आग, आणि सेज कायमची गेली.

म्हणजे एकच हिवाळा आहे हातात. हॉलिस एकाहत्तरचा, मी त्याच्या मागोमाग. आम्हाला दुसरा डाव नाही. माळ नसेल तर गुरं नाहीत, आणि गुरं नसतील तर आम्ही इथे कोण?

ठरलं असं की वणव्यातून सुटलेल्या झुडपांचं बी नोव्हेंबरात झोडपून गोळा करायचं आणि बर्फावर फेकायचं.

२१ सप्टेंबर
जवळजवळ तीन आठवडे लिहिलं नाही. ताप होता. असा ताप की हॉलिसने केलेलं सूप मी निमूटपणे प्यायले. आता उठले आहे. पाय लटपटतात, बाकी ठणठणीत.

२८ सप्टेंबर
दुकानदाराने कॉफी बदललेली दिसते. नुसतं गरम पाणी. हॉलिस म्हणतो तीच आहे, तोच डबा. पुरुषांना जिभा नसतात.

टॉमासा लसणाचं सूप घेऊन आली होती. शेजारीण म्हणून तिच्यासारखी बाई नाही, पण हात आखडलाय बिचारीचा. तिच्या आजीच्या सुपाचा वास फाटकापर्यंत यायचा. यात लसूण नावालासुद्धा नव्हता. मी "छान झालंय" म्हटलं.

७ ऑक्टोबर
पाऊस आला, थोडाच. हॉलिस ओसरीवर जाऊन डोळे मिटून उभा राहिला. आमच्याकडे पहिल्या शिडकाव्याला सगळेच असे उभे राहतात, ओल्या सेजचा वास घ्यायला. मीही गेले. काही नाही.

"पावसाचाही वास नेला रे आगीने," मी म्हटलं.

"येतोय की. वरून, कड्याच्या बाजूने. तिथली जळली नाही ना."

"भास होतायत तुला."

तो हसला. मला रडूच आलं. मग आत आले आणि भांडी घासली.

२४ ऑक्टोबर
आज हॉलिसचं काय बिनसलं कळत नाही. मी सोफ्यावर विणत बसले होते, बॅजर बाहेरून येऊन माझ्या पायांवर लोळत होता, बिचारं कुत्रं थकलं होतं. हॉलिस गोठ्यातून आला, दारातच थबकला. "नेड्रा! हा स्कंकच्या..." एवढं ओरडला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग तोंड मिटलं. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "काही नाही. पायाला माती आहे त्याच्या." मग बॅजरला गळ्याला धरून ओढ्यावर नेला आणि त्या गारठ्यात आंघोळ घातली! साबण लावून, दोनदा! वर सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या. पाठ दुखते म्हणून झोपायला गवताच्या कोठारात निघाला.

दुपारी टॉमासा आली ती पायरीवरूनच बोलून गेली. हॉलिसने तिला फाटकापाशी गाठून काहीतरी सांगितलं. माझ्या वाढदिवसाचं असेल.

४ नोव्हेंबर
बैठक. कधी नव्हे तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लगेच लिहिते.

आमच्या उंचीवरची सेज जळाली आणि जी उरली तिला दुष्काळाने बी धरलं नाही. बी आहे ते मधल्या चढावर. आणि तिथे दोन्ही सरमिसळ: माळाची सेज आणि डोंगराची. दिसायला जुळ्या बहिणी. डोंगराची खाली पेरली तर उगवते, पण पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते. तिला वरचा गारवा आणि साचलेला बर्फ लागतो. जोलीन म्हणाली, "प्रत्येक पोत्यातली थोडी पानं मला द्या. पाण्यात भिजवून अतिनील दिव्याखाली धरली की कळतं. डोंगराची निळी चमकते."

मेरिल मागून ओरडला, "पोरी, दिवा परत घेऊन जा! आमच्याकडे नेड्राचं नाक आहे!"

सगळे हसले, टाळ्या पडल्या. मेरिल एरवी माझ्याशी कुंपणावरून भांडतो, पण आज खरं बोलला. बाबा डोळे बांधून सांगायचे आणि मीही सांगते. चोळून नाकाला लावायची. माळाची कडू आणि टर्पेंटाइनसारखी झोंबणारी. डोंगराची गोड, छातीला चोळायच्या मलमासारखी. यात काय दिवे लावायचेत?

आणि तेवढ्यात हॉलिस उभा राहिला. माझा नवरा! "पानं पाठवूया की हिच्याकडे. बिघडलं काय?"

सगळे त्याच्याकडे वळले. मेरिल म्हणाला, "घरात भांडण झालंय वाटतं." परत हशा. मी मान ताठ ठेवून म्हटलं, "मी बघेन. सगळी पोती माझ्याकडे आणा." हॉलिस खाली बसला.

गाडीत मी त्याला म्हटलं, चारचौघांत नाक कापलंस माझं. तो म्हणाला, "नेड, नुसतं खात्रीसाठी म्हणत होतो." मी म्हटलं, "चाळीस वर्षांत खात्री झाली नाही?" तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. मीही बोलणार नाहीये, बघू किती दिवस राहतो.

१२ नोव्हेंबर
चार दिवस मधल्या चढावर झोडपणी. सगळ्यांनी माळ्यांवरून टेनिसच्या जुन्या रॅकेटी काढल्या. झुडपाखाली टब धरायचा आणि वरून फटके. मेरिल म्हणे मागच्या जन्मी विजेता होता, पहिल्याच फटक्यात टबात पडला. बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, त्यात भुसा, काड्या, कोळी. हसलो खूप. आगीनंतर पहिल्यांदाच.

टॉमासा म्हणाली, "यंदा फार लवकर पिकलं नाही का गं? माळाची सेज तर थँक्सगिव्हिंगनंतर, नोव्हेंबर संपता संपता सुटते." मी म्हटलं, दुष्काळात झाडं घाई करतात. असंच असणार.

हॉलिसशी अजून अबोला. तो मात्र काम करतो मरमरून.

१४ नोव्हेंबर
कोठारात पोती लावली. हे इथे खरं खरं लिहिते, बाहेर कुणाला सांगायचं नाही.

पहिल्या पोत्यातली काडी चोळली, नाकाला लावली. काहीच नाही. दुसरी, तिसरी, तेच. धुळीने नाक भरलं असेल म्हणून शिंकरून आले. परत लावली. अगदी खोलवर काहीतरी कडसर आहे असं वाटलं. वाटलं की आठवलं, कुणास ठाऊक. या झुडपांनी ऑगस्टभर धूर खाल्लाय, त्यांचा वास दबणारच. बाबा म्हणत, पहिली ओळख खरी, फार हुंगत बसलं की नाक फसतं. तेच धरलं. कडू म्हटलं.

मेरिल आणि बाकीचे टोप्या हातात धरून देवळात उभं राहावं तसे उभे होते. त्यांच्यासमोर "थांबा, मला कळत नाही" कसं म्हणणार?

टॉमासा आत आली आणि म्हणाली, "काय छान भरलंय गं कोठार! मलम चोळल्यासारखं!" तिच्या गुडघ्यांना संधिवात आहे, डबीभर चोळून येते आणि पोत्यांवर ढकलते. सगळे तिला हसले.

हॉलिसने एवढंच विचारलं, "नक्की, नेड?" अबोल्यानंतरचे पहिले शब्द. त्याला स्वतःला शेण आणि केक यातलाच फरक कळतो. मी म्हटलं, "नक्की."

मग पोती शिवली.

९ डिसेंबर
हॉलिसने नवीन खूळ काढलंय. स्वयंपाक झाला की बाहेर जाऊन गॅसची टाकीच बंद करतो. "कुठेतरी गळतंय," म्हणतो. मग दुरुस्त करून घे की! मला चहा हवा असला की त्याला हाक मारावी लागते. गेल्या आठवड्यात एकदा सकाळी मी उठायच्या आत दारं-खिडक्या सताड उघडून थंडीत बसला होता, पांढराफटक. म्हातारपण दुसरं काय. मला त्याची काळजी वाटते.

१७ जानेवारी
पेरणी! चांगला हातभर बर्फ पडला आणि वारा थांबला. सेजचं बी गाडायचं नसतं, नुसतं बर्फावर सोडायचं, वितळेल तसं ते खाली मातीला टेकतं. मेरिलची गाडी, मागे मी आणि टॉमासा, मुठी भरभरून. पांढऱ्यावर तपकिरी भुरभुर. हॉलिस चालत होता, गाडी पोचत नाही तिथे कड्याखाली. त्या एकट्या जुन्या जुनिपरपाशी त्याला उभा बघितला. ते झाड कोणत्या काळचं आहे देव जाणे, खडकाने आगीपासून वाचवलं. त्याने हात वर केला, मीही केला.

इतकं बरं मला सप्टेंबरपासून वाटलं नव्हतं. होईल. होणारच.

६ एप्रिल
माळकोंबडे आले, माद्यांना रिझवायला. दरवर्षीच्या त्याच जागी, जळक्या काळ्या मातीवर छात्या फुगवून नाचले. आडोशाला एक झुडूप नाही, वर ससाणा फिरतोय, तरी नाचतायत. त्यांना दुसरी जागा माहीतच नाही. मला बघवेना. हॉलिसला म्हटलं, "पुढच्या वर्षी झुडपं असतील." तो "हं" म्हणाला.

२३ एप्रिल
उगवली! गुडघ्यांवर बसून बघितलं. ठकगवताच्या हिरव्या लवेत मध्येच राखाडी दोन पानं. एक दिसलं की डोळ्यांना सवय होते, मग चहूकडे. मेरिलला हाक मारली. तो एवढा माणूस, पण मातीत पालथा पडून बघत राहिला आणि डोळे पुसले. "नाक आहे बाई तुझं," म्हणाला. घरी येऊन मी हॉलिसला मिठी मारली. त्याने खूप वेळ सोडलंच नाही.

९ जून
पाऊस नाही. रोपं बोटभर झालीत, पण टोकं पिवळी. बादल्या वाहून पाणी घालायला गेले. किती घालणार? माळ सरत नाही, बादली सरते. हॉलिसने माझ्या हातातून बादली घेतली आणि खाली ठेवली.

२६ जून
जोलीन आली. काही न बोलता रोपं खुडली, आमच्या स्वयंपाकघरात पेल्यात भिजवली, पडदे ओढले आणि दिवा धरला.

निळं. सुंदर, गॅसच्या ज्योतीसारखं निळं. एकेक पेला, सगळे निळे. एकच विझलेला राहिला. तेवढीच माळाची.

जोलीन चुकूनही "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

३० जून
मेरिल फाटकापर्यंत आला. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होते. त्याने टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "कुंपणाचा तो खांब मी बदलतो. तू राहू दे." वीस वर्षं ज्या खांबावरून भांडलो तो खांब. एवढं बोलून निघून गेला.

११ जुलै
हॉलिस गावाला गेला होता. मी कपाट उघडलं. व्हिनेगर. रॉकेल. कांदा कापून. घोड्याचं औषध, ज्याने डोळ्यांतून पाणी येतं. पाणी आलं, वास नाही. हॉलिसचा मोजा. शेवटी बाबांची जुनी टोपी, ती मी पिशवीत बांधून ठेवली होती वास जाऊ नये म्हणून. तोंड खुपसून बसले. नुसतं कापड.

म्हणजे तापापासून. म्हणजे सगळं तेव्हापासूनच.

माझ्या एका "नक्की"ने माळ गेला. दिव्याला हो म्हटलं असतं तर वाचला असता. हे हॉलिसला कसं सांगायचं? त्याला वाटतंय साधी चूक झाली. त्याला कळलं तर काय वाटेल? सगळं परत कपाटात लावून ठेवलं.

२ ऑगस्ट
रोपं गेली. चिमटीत धरलं की भुगा होतो. ठकगवत मात्र घोट्यापर्यंत वाळून पिवळं, दाराच्या पायरीपासून कड्यापर्यंत. मधे मधे एखादं राखाडी रोप जिवंत आहे, त्या विझलेल्या पेल्याच्या जातीचं. इतकी विरळ की एकाला दुसरं दिसायचं नाही.

गुरं विकत घेणारा माणूस येऊन बघून गेला. हॉलिसने त्याला स्वतःच एकेकीची नावं सांगितली.

१९ ऑगस्ट
दुपारी गडगडलं आणि पाऊस आला. सवयीने हॉलिस ओसरीवर गेला, डोळे मिटून उभा राहिला. मी दारात थांबले. मनात ठरवलं होतं, त्याने विचारलं तर "छान येतोय" म्हणायचं.

तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "नाही गं. आता मलाही नाही येत."

मी म्हटलं, "मलाही म्हणजे?"

त्याने वळून बघितलं नाही. बॅजरच्या डोक्यावर हात फिरवत राहिला.

"कधीपासून माहितेय तुला?"

"कुत्र्याला स्कंकने भिजवलं होतं त्या दिवसापासून. मैलभर घाण सुटली होती, आणि तू त्याला पायांवर घेऊन बसली होतीस."

"आणि गॅस?"

"रात्रभर चालू राहिला होता."

मी उंबऱ्यावर बसले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस? हॉलिस, अरे, बोलायचं ना!"

"बोललो होतो. पानं पाठवू म्हटलं होतं."

तो रागाने म्हणाला नाही. ओरडला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मग तोच म्हणाला, "परत बोलायला हवं होतं. कोठारात, सगळ्यांदेखत. तू अशी उभी होतीस तिथे, तुझ्या बाबांसारखी. माझ्याच्याने नाही झालं."

मी उठून त्याच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, "सांग ना कसला वास येतोय." त्याला वास सांगता येत नाहीत, कधीच येत नव्हते. तरी त्याने नाक वर केलं आणि प्रयत्न केला.

"माती. ओली. आणि गवत, जुन्या कागदासारखं. आणि कुत्रा."

"बस?"

"बस, एवढंच."

पाऊस लवकरच थांबला. माळ भिजून आणखी पिवळा दिसत होता. आम्ही तरी आत गेलो नाही.